हवालदाराचा उजवा पंजा

२ मार्च, दुपार

जावयाची बदली झाली. नव्या जागेचा घरमालक कुत्रा ठेवू देत नाही. म्हणून दुसरी सोय होईपर्यंत कुत्रा आमच्याकडे. मला कोणी विचारलं नाही. लेकीने आईला विचारलं, आई हो म्हणाली, आणि त्या वेळी मी समोर बसून पेपर वाचत होतो.

तरी झालं ते बरंच झालं. गल्लीत चोऱ्या वाढल्या आहेत. समोरच्या शिक्षिकेच्या सायकलची घंटा परवा गायब झाली. आज घंटा, उद्या सायकल, मग आमचा नंबर. आमच्या घरात नेण्यासारखी वस्तू एकच, माझं मनगटी घड्याळ. स्टोअरकीपरच्या नोकरीतून रिटायर झालो तेव्हा कंपनीने दिलेलं. मागच्या बाजूला माझं नाव कोरलं आहे, थोडं तिरकं आहे, पण कोरलं आहे. ते मी हातात घालत नाही. रस्त्यात कोणी हिसकावलं तर काय घ्या. घरात लपवून ठेवतो आणि जागा अधूनमधून बदलतो. आज अशा ठिकाणी ठेवलं आहे की चोराच्या बापालाही सापडणार नाही. जागा इथे लिहीत नाही. उद्या ही वहीच चोरीला गेली तर?

सुई बोटात गेली. दोनदा. सुई कशाला घेतली होती तेही लिहीत नाही.

३ मार्च

कुत्रा आला. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, कान लांब, पाय त्याहून लांब. जावयाने फोनवर जातीची माहिती दिली. मी लिहून घेतली. शिकारी जात आहे, ‘पॉइंटर’ म्हणतात. नाक फार तिखट. दिवसभर धावला तरी दमत नाही. स्वभावाने गरीब. चावत नाही. (हे चुकून सांगितलं असावं.) पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजतो. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट काठीसारखी सरळ, नाक सावजाच्या दिशेला. मालक येईपर्यंत तसाच उभा राहतो. पकडत मात्र नाही. पकडायचं मालकाने.

हे शेवटचं मला पटलं नाही. चोराकडे बघत पाय वर करून उभा राहणारा शिपाई मी स्टोअरमध्ये एक दिवस ठेवला नसता. तसं हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय? स्वयंपाकघराचा नळ गळतोय हे तुम्ही मला रोज बोट करून दाखवता आणि तसेच उभे राहता.

नळाचा इथे संबंध नाही.

जावयाने कुत्र्याचं नाव ‘डॅश’ ठेवलं आहे. हे नाव आहे का? मी ‘हवालदार’ ठेवलं. ही त्याला बाळ म्हणते. हवालदाराला बाळ म्हटल्यावर त्याचा वचक काय राहणार?

निश्चय: महिन्याभरात ह्याला पक्का पहारेकरी करायचं. शिस्त लावायची. बिस्किटं बंद.

४ मार्च

बिस्किटं तूर्त चालू. त्याशिवाय तो माझ्याकडे बघत नाही.

५ मार्च, सकाळ

हवालदाराला फिरायला नेलं. ‘नेलं’ हा शब्द बरोबर आहे, कारण दोरी माझ्या हातात होती. मैदानाच्या टोकापर्यंत गेलो. मला तिथे जायचं नव्हतं, पण गेलो. वाटेत एक कुंपण लागलं, एक चिखल लागला. टपालवाल्याने सायकल थांबवून विचारलं, काका, कोण कोणाला फिरवतंय? टपालवाल्यांना हल्ली कामं उरली नाहीत.

मान अवघडली आहे. ही म्हणते, मान झटक्याने नाही अवघडली, तुमच्या उशीने अवघडली, आतला कापूस दगड झालाय. दोन-तीन रात्री काहीतरी टोचतंय खरं.

६ मार्च

मीटर बघायला माणूस आला. दार उघडं होतं. थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. हवालदार काय करत होता? त्याच्या पायांवर डोकं ठेवून पडला होता. माणूस म्हणाला, किती गोड आहे हो. मी म्हटलं, चावतो. माणूस हसला.

अजून नवीन आहे. माणसं ओळखायला शिकतोय.

८ मार्च, संध्याकाळ

फार मोठी गोष्ट घडली आहे. घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय.

संध्याकाळी नेहमीसारखा गादीवाला पत्ते खेळायला आला. गादीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा, माझा दोस्त. आमच्या लग्नाची गादी त्याने भरली, लेकीच्या पाळण्यातली दुपट्याएवढी गादीही त्यानेच. रोज संध्याकाळी व्हरांड्यात आमचे पत्ते असतात. (मी हरतो तेव्हा त्याने पत्ते नीट पिसलेले नसतात.) सगळ्या जगाने मला स्टोअरकीपरसाहेब म्हटलं तरी हा मला कुलूपराव म्हणणार.

तर तो पायरीवर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच हवालदार थिजला. उजवा पंजा वर. शेपूट सरळ. नाक नेमकं गादीवाल्याच्या छातीकडे. डोळा हलत नाही की मिशी हलत नाही. गादीवाला म्हणाला, कुलूपराव, ह्याला चावी द्यायची राहिली का? मग स्वतःच दोन्ही हात वर करून उभा राहिला. म्हणाला, सापडलो बुवा.

सापडलो, म्हणाला. हे त्याच्या तोंडचे शब्द आहेत.

लगेच जावयाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, आसपास पक्षी असेल. मी नीट बघितलं. व्हरांड्यात पक्षी नव्हता. गादीवाला होता. केसांत, शर्टावर, भुवईवरसुद्धा पांढरी पिसं चिकटलेली. कुठल्याशा हॉटेलने पिसांच्या उशांची ऑर्डर दिली आहे, दुकानात बदकांच्या पिसांची पोती पडली आहेत, सारखा शिंकत होता. ते असो. मुद्दा असा की पक्षी नव्हता.

शिकारी कुत्र्याला सावज कळतं. रानात सावज म्हणजे पक्षी. घरात सावज कोण, हे ज्याने त्याने ओळखावं.

पत्त्यात हरलो. लक्ष नव्हतं.

९ मार्च

रात्रभर विचार केला. गादीवाला? छे. इतक्या वर्षांचा माणूस.

पण हवालदाराला त्याची वर्षं माहीत नाहीत. त्याला फक्त वास माहीत आहे.

१० मार्च

सकाळी हवालदाराने मला तळ्यापर्यंत नेलं, म्हणजे मी त्याला नेलं. परत आलो तर माझी उशी जागेवर नाही. हिने परस्पर गादीवाल्याकडे पाठवून दिली, पिसं भरायला. मला न विचारता! माझी उशी! ही म्हणाली, अहो, मान तुमची आणि रात्रभर कण्हणं ऐकायचं मी, म्हणून पाठवली.

संध्याकाळी गादीवाला स्वतः उशी घेऊन आला. मऊ झाली आहे, खोटं का बोला. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, सगळं जिथल्या तिथे आहे, निश्चिंत झोप. आणि एक डोळा मिटला. पीस गेलं असावं डोळ्यात.

हवालदार आधी गादीवाल्यासमोर थिजला, मग उशीसमोर. बिचारा गोंधळला.

१३ मार्च

घड्याळ चोरीला गेलं.

आज जागा बदलायचा दिवस होता. जागेवर बघायला गेलो. जागा कोणती ते लगेच आठवलं नाही, आणि ह्याचा अर्थ जागा उत्तम होती. मग एकेक करून जुन्या जागा बघितल्या. पिठाचा डबा, पावसाळी बूट, आरशाची मागची बाजू, मीटरची पेटी, हिच्या शिलाईच्या यंत्राचा कप्पा. कुठेही नाही. पिठाच्या डब्यात दोनदा हात घातला.

ही म्हणाली, अहो, विसरला असाल. मी विसरतो? स्टोअरमध्ये एक नट इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नसे. बोटाला सुई टोचली होती ती जागा अजून ठणकते. का टोचली होती ते आठवत नाही. त्याचा घड्याळाशी संबंध नसावा.

घरात बाहेरचं कोण आलं? मीटरवाला. त्याच्यासमोर हवालदार लोळला. म्हणजे मीटरवाला स्वच्छ. आणि कोण आलं?

लिहवत नाही.

१४ मार्च, सकाळ

आणखी एक. डाव्या कानात टिकटिक होते. कुशीवर झोपलो की सुरू, उठून बसलो की बंद. रक्तदाब असणार. किंवा त्याहून वाईट. हिने माझ्या कानाला कान लावून बघितलं. म्हणाली, मला तर आत काहीच ऐकू येत नाही, पोकळ वाटतंय. ह्या वयात अशी थट्टा.

१५ मार्च

आजपासून तपास. कोणाला कळू न देता.

हवालदाराला घेऊन सहज म्हणून गादीवाल्याच्या दुकानात गेलो. हवालदार उंबऱ्यात थिजला. मग जरा वळला, पुन्हा थिजला. मग पोत्यांकडे. मग कपाटाकडे. मग गादीवाल्याच्या टोपीकडे. कुठे कुठे म्हणून दाखवू असं त्याला झालं असावं. इतका माल दडवला आहे म्हणजे हा आजकालचा धंदा नव्हे.

गादीवाल्याला विचारलं, वेळ काय झाली रे? त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितली. मनगट दाखवलं नाही. हुशार आहे.

वर म्हणाला, उशी कशी आहे? झोप लागते ना? मी म्हटलं, झोप नाही लागत, टिकटिक होते. तर पोट धरून हसला. म्हणाला, सवय होईल, कुलूपराव. उलट बरंय, आहे ह्याची खात्री राहते.

माझ्या आजारपणावर हसला. मन किती निबर होतं माणसाचं.

१६ मार्च, संध्याकाळ

जे व्हायचं ते झालं. शांतपणे लिहितो.

गादीवाला पत्ते घेऊन आला. हवालदार थिजला. मी ठरवल्याप्रमाणे अगदी सहज आवाजात म्हटलं, बसण्यापूर्वी जरा खिसे दाखव. तो आधी हसला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबलं. विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, कशासाठी नाही, घरातल्या काही वस्तू सापडत नाहीत, सगळ्यांचेच बघतो आहे.

त्याने खिसे रिकामे केले. एकेक वस्तू काढून पत्त्यांच्या शेजारी ठेवली. मोजपट्टी, खडू, दोऱ्याचं रीळ, चष्म्याचं घर, मूठभर पिसं. आणि कागदात गुंडाळलेलं एक बिस्किट. हवालदारासाठी आणलं होतं म्हणे. मग खिशांची अस्तरं बाहेर ओढून दाखवली. वस्तू गोळा केल्या, बिस्किट तेवढं ठेवलं आणि गेला. खिशांची अस्तरं तशीच बाहेर लोंबत होती. रस्ताभर.

ही दारात उभी होती. म्हणाली, काय केलंत हे? मी म्हटलं, तपास. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात घासू लागली.

बिस्किट हवालदाराने खाल्लं. पुरावा गेला.

१७ मार्च

गादीवाला आला नाही. अपराधी माणूस कसा येईल.

पत्ते पिसून ठेवले होते. सहज.

१८ मार्च

नाही आला. संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून बरं वाटतंय. बरीच कामं उरकता येतील. नळ दुरुस्त करायचा आहे.

१९ मार्च

नळ दुरुस्त केला नाही. व्हरांड्यात बसून होतो. रस्ता दिसतो म्हणून.

हिला पत्ते खेळायला बसवलं. तिने पहिल्याच डावात हरवलं, मग दुसऱ्यात, मग म्हणाली, तुम्हाला नीट खेळताच येत नाही हो, इतकी वर्षं भाऊजी मुद्दाम हरत होते की काय? खेळ बंद केला.

एकट्याने पत्ते लावून बघितले. त्यातही हरलो.

२० मार्च

डॉक्टरकडे गेलो. टिकटिक सांगितली. त्याने कान तपासले, छाती तपासली. म्हणाला, कान ठणठणीत, हृदय माझ्यापेक्षा चांगलं. मी म्हटलं, मग टिकटिक? तो म्हणाला, दिवसा होते? नाही. खुर्चीत होते? नाही. फक्त अंथरुणात? हो. मग म्हणाला, चहा कमी करा.

खरं काय ते डॉक्टर तोंडावर सांगत नाहीत. मला कळलं.

२१ मार्च, सकाळ

अंगावर काटा आलाय.

हवालदार हल्ली रोज सकाळी माझ्या पलंगाशी येऊन थिजतो. पंजा वर, नाक माझ्या डोक्याकडे. मी उठून बाजूला झालो तरी तिथेच, उशीकडे बघत. आज डोळे उघडले तर त्याचं नाक माझ्या नाकासमोर. मला आधी वाटायचं त्याला पलंगावर झोपायचं असेल. आता वेगळा विचार येतो. जनावरांना आधी कळतं म्हणतात.

ज्या जागी माझं डोकं असतं ती जागा तो दाखवतो. ह्याचा दुसरा अर्थ काय होणार?

जावयाला फोन केला. मृत्यूचा उल्लेख केला नाही, फक्त उशीचं विचारलं. तो म्हणाला, बाबा, उशीत पिसं आहेत का? म्हटलं, आहेत. मग त्याचाच वास, म्हणाला. तरुण माणूस. त्याला अजून सगळ्यात पिसंच दिसतात.

ही म्हणाली, आणा ती उशी, उन्हात टाकते, वाटलं तर उसवून बघते. मी हात लावू दिला नाही. थोडे दिवस उरलेत, निदान मान तरी सुखात राहू दे.

२२ मार्च

आवराआवर. चाव्यांचा जुडगा हिच्या हातात दिला. म्हटलं, आता तूच सांभाळ. ती म्हणाली, ह्यातलं एकही कुलूप आपल्याकडे आता नाही, सगळ्या जुन्या स्टोअरच्या चाव्या आहेत, मी काय सांभाळू? मी म्हटलं, आठवण म्हणून. तिने जुडगा खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मध्ये लावून ठेवला.

भावनेचा अंशही नाही ह्या घरात.

२४ मार्च

निर्णय घेतला. जाण्यापूर्वी मन साफ करायचं. गादीवाल्याला क्षमा करायची. उद्याच. मोठ्या मनाने. घड्याळाचं नावही काढायचं नाही. पाठीवर हात ठेवून म्हणायचं, झालं गेलं विसर, मी तुला माफ केलं. तो रडेल. मी रडायचं नाही.

वाक्य आरशासमोर म्हणून बघितलं. चांगलं वाटतं.

२५ मार्च, दुपार

गादीवाल्याच्या दुकानातून आत्ता आलो. जसं झालं तसं लिहितो.

हवालदाराला घरी ठेवून गेलो होतो. गादीवाला खाली मान घालून गादीला टाके घालत होता. वर बघितलं नाही. मी पाठीवर हात ठेवला. म्हटलं, झालं गेलं विसर, मी तुला माफ केलं. तो म्हणाला, कशाबद्दल? मी म्हटलं, नाव काढायचं नाही असं ठरवून आलोय. तो म्हणाला, काढ. मी म्हटलं, घड्याळ.

त्याने सुई खाली ठेवली. म्हणाला, कोणतं घड्याळ? तुझ्या उशीतलं?

मी खुर्चीवर बसलो. खुर्ची नव्हती, पिसांचं पोतं होतं, आत गेलो. तिथूनच पुढचं ऐकलं.

उशी उसवली तेव्हा कापसाच्या मधोमध घड्याळ निघालं, म्हणाला. वाकडेतिकडे टाके बघूनच ओळखलं की हे तू शिवलंयस. म्हटलं, कुलूपरावाने चोरांच्या धास्तीने इथे ठेवलंय, आपण का काढा. पिसांच्या मध्ये त्याला वेगळा कप्पा करून दिला, दुहेरी शिलाईचा, टोचू नये म्हणून कडेला. वहिनींनासुद्धा बोललो नाही. तुझं गुपित ते तुझं. डोळासुद्धा मिचकावला तुला. आणि तू माझे खिसे बघितलेस.

मग पुन्हा सुई उचलली. खाली बघतच म्हणाला, इतकी वर्षं तुझ्या घरात बसलो, कधी पाण्याचा पेला जागचा हलवला नाही.

मी पोत्यातून बाहेर यायचा प्रयत्न केला. त्याने हात दिला नाही. एरवी दिला असता.

२५ मार्च, संध्याकाळ

उशी उसवली. घड्याळ आहे. वेळसुद्धा बरोबर दाखवतंय. ही हसता हसता जमिनीवर बसली, पिसं तिच्या तोंडात गेली तरी हसत होती. हवालदार खोलीभर उडणाऱ्या पिसांत मध्यभागी थिजून उभा, कोणत्या पिसाकडे बघावं कळेना. एवढा सुखी मी त्याला कधी बघितला नव्हता.

टिकटिकीचा उलगडा झाला. म्हणजे मी मरत नाही. थोडं चमत्कारिक वाटलं, सगळी तयारी झाली होती.

झाल्या प्रकारात चूक कोणाची, ह्याचा शांतपणे विचार केला. हवालदाराची. त्याने गादीवाल्याकडे बोट दाखवलं नसतं तर माझ्या मनातही आलं नसतं. मी फक्त त्याच्या रिपोर्टवर विसंबलो.

२६ मार्च

हिच्या हाती गादीवाल्याला निरोप पाठवला, गैरसमज कुत्र्यामुळे झाला, संध्याकाळी पत्ते खेळायला ये. ही जायलाच तयार नव्हती. म्हणाली, स्वतः जा आणि चुकलो म्हणा, एवढासा शब्द आहे, घशात अडकणार नाही. मी म्हटलं, जाईन, पण आधी वातावरण तयार होऊ दे.

शेवटी गेली. निरोपाचं उत्तर आणलं: कुत्र्यामुळे झालं ना? मग कुत्र्याने येऊन माफी मागावी. तोवर पत्ते नाहीत.

माणसाने इतकं हट्टी असू नये.

२७ मार्च

हवालदाराला माफी मागायला शिकवतो आहे. हात जोडायला लावले, पडला. मान खाली घालायला लावली, त्याला बिस्किट जमिनीवर आहे असं वाटलं. सकाळ अशीच गेली.

ही दारातून बघत होती. म्हणाली, त्याला करून तरी दाखवा, म्हणजे शिकेल. दाखवलं. हात जोडले, मान खाली घातली, हवालदारासमोर चुकलो म्हटलं. सराव म्हणून. तेवढ्यात टपालवाला आला.

२८ मार्च

नाही जमत त्याला. शिकारी जात, वाकायची सवय नाही. आजही संध्याकाळी व्हरांड्यात एकटा. पत्त्यांच्या कडा मऊ झाल्या आहेत, नुसतं पिसून पिसून.

उद्या जायचं. जे होईल ते होईल.

२९ मार्च, संध्याकाळ

गेलो. मी आणि हवालदार.

दुकानात जाताना बोलायचं सगळं पाठ केलं होतं. उंबऱ्यात पोचलो आणि साफ विसरलो. हवालदार मात्र विसरला नाही. त्याला येतं ते एकच, ते त्याने केलं. गादीवाल्यासमोर जाऊन थिजला. शेपूट सरळ, डोळे त्याच्यावर, उजवा पंजा वर.

गादीवाल्याने हातातली सुई गादीत खोचली. मग गुडघ्यावर बसला आणि तो वर धरलेला पंजा त्याने हातात घेतला. हलवला. म्हणाला, झालं, मागितली ह्याने. माफ केलं. हवालदार हलला नाही, त्याचं लक्ष शर्टावरच्या पिसाकडे होतं.

मग गादीवाल्याने वर माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ह्याचं झालं. आणि तुझं?

मी काहीतरी बोलणार होतो. घसा बसला होता, कालपासून हवा बदलली आहे. हात मात्र आपोआप वर गेला. उजवा. अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला. मान अवघडली की माझं असं होतं. गादीवाल्याने तोही हातात घेतला. जरा जास्तच वेळ. म्हणाला, ह्या जातीचं हेच वैशिष्ट्य दिसतंय, तोंडाने काही फुटत नाही.

मी चुकलो म्हटलं. अगदी हळू. शिंक आली म्हणून त्याला ऐकू गेलं नसावं.

गेलं. कारण संध्याकाळी तो पत्ते घेऊन आला. बसण्यापूर्वी खिशांची अस्तरं बाहेर काढून माझ्यासमोर उभा राहिला आणि ही इतकी हसली की चहा उतू गेला. मी हसलो नाही. नंतर हसलो.

दोन्ही डाव हरलो. त्याने पत्ते नीट पिसलेच नव्हते.

३१ मार्च

समोरच्या शिक्षिकेच्या सायकलची घंटा तिच्याच अंगणात कुंडीमागे सापडली. गंजून गळून पडली होती. गल्लीत चोर नाही असं सगळे म्हणतात. आमच्याकडे शिकारी कुत्रा आहे हे कळल्यावर कोण येईल?

जावयाचा फोन. नवा घरमालक कुत्र्याला तयार झाला आहे, रविवारी न्यायला येतो म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, ट्रेनिंग अर्धवट आहे, अशा अवस्थेत सोडता येणार नाही. तो म्हणाला, बाबा, आणखी काय शिकवणार? मी म्हटलं, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. पलीकडे लेक हसल्याचा आवाज आला. फोन खराब असावा.

२ एप्रिल

घड्याळ आता कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे. पण झोप येत नाही. डावा कान सुना सुना वाटतो. कूस बदलतो, कान लावतो, नुसती पिसं. आहे की नाही ह्याची खात्रीच राहत नाही. हवालदारसुद्धा सकाळी हजेरी लावून जातो, पण पूर्वीसारखा मनापासून थिजत नाही, असं मला वाटतं.

४ एप्रिल, सकाळ

घड्याळाची जागा काल पुन्हा बदलली. कुठे ते लिहीत नाही. गादीवाल्याला माहीत आहे, टाके त्याने घातले. हिला माहीत आहे, दोरा तिने दिला. टपालवाला तेवढ्यात आला होता, त्याने सुई ओवून दिली. आणि हवालदार समोर पंजा वर करून उभाच आहे.

बाकी कोणालाही पत्ता नाही. झोप छान लागली.